उपास आणि साखरेची गोळी

"डॉक्टर, आज एकादशी. साखरेची गोळी घेऊ का?" हा प्रश्न नेहमीचा. उत्तर गोळी कोणती यावर आहे.

मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. ती एकटीच चालू असेल तर साखर सहसा फार उतरत नाही. पोट बिघडू शकते, म्हणून जेवणाबरोबर घ्यावी. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात स्थूल रुग्णांना तिचा विशेष लाभ दिसला. मूत्रपिंड फारच अधू असेल तर मात्र ती चालत नाही.

ग्लिमेपिराइडचे तसे नाही. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. गोळी घेतली आणि जेवण चुकले की घाम, थरथर, धडधड, बरळणे सुरू होते. घरातील वृद्धांना असे झाले तर 'अशक्तपणा आला' म्हणून निजवून ठेवतात. हे घातक आहे. रुग्ण शुद्धीवर असेल तर ३-४ चमचे साखर पाण्यातून द्यावी, मग जेवण. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक रुग्णालय गाठावे. सावरलेल्या रुग्णालाही दाखवावे, कारण साखर पुन्हा उतरू शकते.

(साबुदाण्याच्या खिचडीने साखर वाढते, ते वेगळेच!)

पुष्कळदा ही दोन्ही औषधे एकाच गोळीत असतात. तेव्हा पाकिटावरील बारीक अक्षरे वाचावीत आणि उपासाच्या आधीच डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळी बंद करू नये.