नर्मदेला 'द', मग जबलपूरला का नाही?

इंग्रजीत 'द नर्मदा' म्हणायचं, पण 'द जबलपूर' नाही. मराठीत आर्टिकलच नसल्यामुळे 'विशेषनामाला द लागत नाही' हा शाळेतला नियम आपण घोकतो आणि नदीकाठी येऊन अडखळतो. माझ्या मते खरी खूण वेगळी आहे: नावात एखादं इंग्रजी सामान्यनाम दिसतं किंवा गृहीत धरलेलं आहे का, ते बघावं. नर्मदेच्या मागे 'रिव्हर' हा शब्द न बोलता उभा असतो. जबलपूरजवळच्या भेडाघाटचे संगमरवरी कडे 'द मार्बल रॉक्स' होतात, कारण 'रॉक्स' म्हणजे साधे खडकच. सगळ्यात बोलका पुरावा मात्र जबलपूरच्या इतिहासात आहे. १८६१ साली इंग्रजांनी जबलपूरसह प्रांत केला 'द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस'. १९५० मध्ये त्याचं 'मध्य प्रदेश' झालं आणि 'द' गळाला. अर्थ जवळपास तोच, पण इंग्रजी कानाला 'प्रदेश' सामान्यनाम वाटत नाही!

कुणी म्हणेल, मग 'नायगारा फॉल्स'ला 'द' का नाही? आक्षेप रास्त आहे. हा कायदा नव्हे, कल आहे. धबधबे आणि तलाव तो सर्रास मोडतात. दुसरा आक्षेप असा, की आपली वर्तमानपत्रं नर्मदेचा 'द' खुशाल गाळतात आणि कुणाचं काही अडत नाही. बोलण्यात नाहीच अडत. पण अर्जात किंवा परीक्षेत तो राहून गेला, तर चूकच धरतात. म्हणून लिहिताना राज्य नुसतं 'मध्य प्रदेश', आणि जबलपूरचं न्यायालय 'द हायकोर्ट ऑफ मध्य प्रदेश'.