दरकरार : एक निविदा, अनेक खरेदीदार

शासकीय खरेदी हा जनतेच्या पैशाचा व्यवहार होय. तो उघडपणे व्हावा, यासाठी कर्नाटक राज्याने १९९९ मध्ये सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा कायदा केला. त्यामुळे निविदा हा खरेदीचा मुख्य मार्ग ठरला. परंतु बेंगळुरूच्या सरकारी रुग्णालयाला सलाईन वारंवार लागते. दर वेळी नवी निविदा काढली, तर रुग्णाने वाट किती पाहावी?

यावर दरकरार हा उपाय आहे. एक मध्यवर्ती संस्था एकदाच निविदा मागवते आणि वस्तूचा दर्जा, दर, पुरवठ्याच्या अटी व मुदत निश्चित करते. ठरावीक माल घेण्याचे बंधन सहसा नसते. गरजेनुसार प्रत्येक कार्यालय केवळ पुरवठा आदेश देते. केंद्र शासनासाठी असे करार करणारे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय २०१७ मध्ये बंद झाले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'जेम' या शासकीय ऑनलाइन बाजारपेठेने त्याची जागा घेतली.

मात्र एका कार्यालयाची चूक त्यालाच भोवते, तर दरकरारातील चुकीचा दर सर्वांनाच भोवतो. म्हणून पुरवठादाराने तोच माल इतरांना स्वस्त विकल्यास करारातील दरही उतरावा, अशी अट घालतात. निविदा एकदाच काढली, तरी दक्षता मुदतभर ठेवावी लागते.