मध्यवर्ती बँकेवरील टीका आणि करबाह्य श्रम : अंबड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : मध्यवर्ती बँक, रेपो दर, करबाह्य श्रम, उचल, निश्चलनीकरण, व्यवसाय कर

प्रस्तावना

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात वेतनातून व्यवसाय कराचे दोनशेऐवजी तीनशे रुपये कापले जातात. आयकराचा हिशेबही याच सुमारास जुळवावा लागतो. अशा वेळी प्राध्यापक कक्षात एक वाक्य हमखास ऐकू येते : 'कर भरतो तो नोकरदारच, बाकी सारा देश फुकट चालला आहे.' या वाक्यात तथ्याचा अंश आहे. परंतु 'बाकी सारा देश' म्हणजे नेमके कोण, याचा विचार क्वचितच होतो. दुसरीकडे रिझर्व्ह बँकेच्या धोरणावर टीका करणारेही बहुधा कर्जदार, ठेवीदार व गुंतवणूकदार यांच्याच दृष्टीने बोलतात. करबाह्य श्रमावर जगणारा माणूस या दोन्ही चर्चांतून वगळला जातो. त्याचा मध्यवर्ती बँकेशी काय संबंध येतो, हे अंबड परिसरातील उदाहरणांच्या साहाय्याने स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. 'करबाह्य श्रम' या संज्ञेचा अर्थ

करबाह्य श्रम हा एकजिनसी प्रकार नाही. त्याचे किमान चार भेद करावे लागतात. पहिला, कायद्यानेच केंद्रीय आयकरातून वगळलेले शेती उत्पन्न. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार शेती उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. दुसरा, करपात्र मर्यादेच्या कितीतरी खाली राहणारी मजुरी. तिसरा, मोबदलाच न मिळणारे घरकाम. चौथा, करपात्र असूनही दडविलेले उत्पन्न. यांपैकी केवळ चौथ्या प्रकारास करचुकवेगिरी म्हणता येईल. व्यवहारात मात्र चौथ्याचा डाग उरलेल्या तिघांनाही लागतो.

अंबड तालुक्यात हा भेद सहज दिसतो. गोदावरीकाठी आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली ऊस उभा असतो. अंकुशनगर येथे सहकारी साखर कारखाना आहे. याच तालुक्याच्या कोरडवाहू गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. मोठ्या बागायतदाराचे उत्पन्न आणि तोडणी कामगाराची मजुरी ही दोन्ही आयकराबाहेरच राहतात. पण पहिले करक्षम असूनही करमुक्त आहे, तर दुसरीत कर देण्याइतके काही उरतच नाही. डॉ. के. एन. राज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७२ मध्येच शेतजमीन धारणेवर चढत्या दराने कर आकारण्याची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही.

तिसरा प्रकार तर राष्ट्रीय उत्पन्नातही येत नाही. प्रचलित आंतरराष्ट्रीय लेखापद्धतीनुसार घरासाठी पिकविलेले धान्य उत्पादनात मोजले जाते. त्याच धान्याची भाकरी थापण्याचे श्रम मात्र मोजले जात नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे आढळले.

शिवाय आयकर न भरणारा कर भरतच नाही, हे विधानही टिकत नाही. साबण, चपला, मोबाईल, डिझेल अशा प्रत्येक खरेदीत अप्रत्यक्ष कर समाविष्ट असतो आणि उत्पन्नाच्या प्रमाणात पाहता त्याचा भार गरिबावर अधिक पडतो.

२. मध्यवर्ती बँकेवरील टीकेची परंपरा

भारतीय रिझर्व्ह बँकेची स्थापना १९३४ च्या कायद्यान्वये १ एप्रिल १९३५ रोजी झाली. १९३७ मध्ये तिचे मुख्यालय कोलकात्याहून मुंबईस आले, तर १ जानेवारी १९४९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले. मात्र चलनव्यवस्थेवरील टीका त्याहून जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात सुवर्ण विनिमय परिमाणास विरोध केला. चलन काढणाऱ्या सत्तेच्या मर्जीवर रुपयाचे मूल्य अवलंबून राहू नये, त्याच्या निर्मितीस निश्चित मर्यादा असावी, ही त्यांची भूमिका होती. पुढे हिल्टन यंग आयोगासमोरही त्यांनी साक्ष दिली. किमती ज्या वेगाने वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही, म्हणून रुपयाच्या घसरणीचा तोटा मजुराच्या माथी येतो, हा त्यांच्या प्रतिपादनातील मुद्दा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

पाश्चात्त्य विचारात फ्रेडरिक हायेक यांनी १९७६ मध्ये चलननिर्मितीवरील शासनाची मक्तेदारीच रद्द करावी असे सुचविले. मिल्टन फ्रीडमन यांनी चलनवाढीचा वेग नियमाने बांधून टाकण्याचा आग्रह धरला. लॅटिन अमेरिकेतील संरचनावादी अर्थतज्ज्ञांचा आक्षेप वेगळा होता. जेथे भाववाढीचे मूळ शेतमालाच्या तुटवड्यात असते, तेथे व्याजदर वाढवून भाव आटोक्यात येत नाहीत, रोजगार मात्र घटतो, असे त्यांचे म्हणणे होते. भारतात हा आक्षेप विशेष लागू पडतो. २०१२ हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेये यांचा भार ४५.८६ टक्के होता. पाऊस लांबल्याने कडाडलेले भाजीचे दर रेपो दर वाढवून खाली येत नाहीत.

३. व्याजदर कोठपर्यंत पोहोचतो?

२०१६ मधील कायदादुरुस्तीनंतर सहा सदस्यांची पतधोरण समिती रेपो दर ठरविते. महागाईचे लक्ष्य ४ टक्के असून दोन्ही बाजूंस २ टक्क्यांची मुभा आहे. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर. तो वाढला की बँकांची कर्जे महागतात, मागणी मंदावते आणि किमतींना आळा बसतो, अशी ही साखळी कल्पिलेली आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात हा दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेण्यात आला.

ही साखळी बँकेच्या कर्जदारापर्यंत पोहोचते. त्यापलीकडे ती क्षीण होते. २०१९ च्या अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक सर्वेक्षणानुसार ग्रामीण कुटुंबांच्या कर्जापैकी सुमारे ३४ टक्के रक्कम बिगरसंस्थात्मक मार्गांनी आलेली होती. महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा २०१४ चा अधिनियम आहे. तथापि हातउसने, दुकानदाराची उधारी आणि मुकादमाची उचल यांवर रेपो दराचा परिणाम होत नाही.

उचलीची रीत येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. हंगामापूर्वी मुकादम कुटुंबास रोख रक्कम आगाऊ देतो. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. एकटा मजूर म्हणजे 'अर्धा कोयता'. तोडलेल्या उसाच्या टनामागे ठरलेल्या दराने ही उचल फेडायची असते. आजारपणामुळे खाडा पडला तर त्याची रक्कम कापली जाते. हंगामाअखेर बाकी राहिली तर ती पुढील वर्षी फेडावी लागते. उचलीवर व्याज लिहिलेले नसले तरी ते नसते असे नाही. कामगाराची दुसरीकडे जाण्याची मुभा संपते, हेच त्याचे व्याज होय. या हिशेबात स्त्रीचे श्रम निम्म्या कोयत्याचे असूनही रक्कम बहुधा पुरुषाच्या हाती पडते. त्याखेरीज पहाटे कोपीपुढची चूल पेटविणे, पाणी आणणे व मुले सांभाळणे हे तिचे काम कोणत्याच हिशेबात येत नाही.

तोडणीचा दर काही वर्षांच्या करारानुसार ठरतो. दोन करारांच्या दरम्यान महागाई वाढली की त्याच दराने मिळणारी ज्वारी कमी होते. डॉ. आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा येथे प्रत्यक्ष दिसतो. बचत रोखीतच असल्याने वाढलेल्या ठेवदराचा लाभही या कुटुंबास मिळत नाही. महागाईचा फटका पूर्ण आणि धोरणाचा लाभ नगण्य, अशी ही स्थिती आहे.

४. निश्चलनीकरणाचा अनुभव

८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा या विषमतेचे टोक दिसले. चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्य एका रात्रीत निरुपयोगी ठरले. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास व बदलून देण्यास मनाई करण्यात आली. गैरव्यवहाराची शंका हे त्यामागील कारण होते. महाराष्ट्रातील ३१ जिल्हा बँका या निर्णयाखाली आल्या. मराठवाड्यातील शेतकऱ्यास गावची सेवा सहकारी संस्था आणि तिच्यामागची जिल्हा बँक हीच बँक ठाऊक असते. कापूस व सोयाबीन विकण्याचे, हरभऱ्याच्या पेरणीचे आणि ऊसतोडीस निघण्याचे ते दिवस होते. मजुरी, बियाणे, उचल हे सारे व्यवहार रोखीचे. काळा पैसा शोधण्याच्या मोहिमेत ज्यांच्याजवळ तो असण्याची शक्यता सर्वांत कमी, त्यांचीच वाट प्रथम अडली.

रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटी रुपयांपैकी १५.३१ लाख कोटी, म्हणजे ९९.३ टक्के रक्कम परत आल्याचे रिझर्व्ह बँकेनेच २०१८ मध्ये जाहीर केले. ३१ मार्च २०२४ रोजी चलनातील नोटांचे मूल्य ३४.७८ लाख कोटी रुपयांवर पोहोचले होते. रोख वापरणे आणि उत्पन्न दडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या आकड्यांवरून दिसते. २ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने हा निर्णय वैध ठरविला. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी भिन्नमत नोंदविताना रिझर्व्ह बँकेने या प्रकरणी स्वतंत्र विचार केला नसल्याकडे लक्ष वेधले. मध्यवर्ती बँकेची स्वायत्तता हा केवळ वित्तबाजाराचा प्रश्न नसून मजुराच्या हातातील नोटेचाही प्रश्न आहे, हा त्यातील बोध होय.

५. टीकेची मर्यादा

यावरून मध्यवर्ती बँकच नको, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. निजामी राजवटीत अंबड परिसरात हाली सिक्का चालत असे आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील रुपयास 'कलदार' म्हणत. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा हिशेब होता. दोन चलनांतील बट्ट्याचा व्यवहार व्यापाऱ्यास जमतो. मजुराच्या तो आवाक्याबाहेरचा असतो. एकच, सर्वत्र चालणारे चलन हा दुर्बलाचाही लाभ आहे. अनेक चलनांची स्पर्धा सुचविणाऱ्या हायेकप्रणीत विचारात ही बाजू पुरेशी येत नाही.

शिवाय रिझर्व्ह बँकेची दृष्टी आरंभापासून संकुचित होती असेही नाही. मूळ कायद्यातच कृषी पतपुरवठा विभागाची तरतूद होती. पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्यानंतरच्या काळात, १९५१-५२ मध्ये, बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याचे अखिल भारतीय सर्वेक्षण करविले. गोरवाला समितीत धनंजयराव गाडगीळ सदस्य होते. त्या वेळी शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्के व व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी होता. हे दारुण वास्तव बँकेनेच मोजले, म्हणूनच पुढील धोरण शक्य झाले. आज अभाव आहे तो अशा मोजणीचा.

समारोप

मध्यवर्ती बँकेवरील टीका सार्थ ठरावयाची असेल तर तिने तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. रेपो दराबरोबरच सावकारी, उधारी व उचल यांचा प्रत्यक्ष भार नियमितपणे मोजला जावा. उचल व मजुरी यांची लेखी नोंद होऊन स्त्रीचा वाटा तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावा. करक्षम शेती उत्पन्न आणि पोटापुरती मजुरी यांत करधोरणाने भेद करावा. यांतील पहिल्या कामास महाविद्यालयेही हातभार लावू शकतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील दहा कुटुंबांच्या उचलीचा हिशेब नोंदविला, तरी तो एक मोलाचा दस्तऐवज ठरेल. आपल्या वर्गातील काही विद्यार्थ्यांच्या घरीच तो हिशेब आहे.

राहिला प्रश्न फेब्रुवारीतील तीनशे रुपयांचा. महाराष्ट्राचा व्यवसाय कर १९७५ च्या अधिनियमाने सुरू झाला, तो रोजगार हमी योजनेसाठी निधी उभारण्याकरिता. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या हातांचे स्मरण त्यामागे होते. नोंद असलेल्या श्रमाने नोंद नसलेल्या श्रमास दिलेला तो आधार आहे. वेतनपत्रकातील ती कपात त्या दृष्टीने वाचली जावी, एवढीच अपेक्षा.