साडेतीन हजार

दर फाल्गुनात आमच्या इंदूरच्या घरी लसूण घेऊन येणारा देपालपूरचा शेतकरी यंदा पैसे घेतल्यावर उठलाच नाही. वरच्या खिशातून चौघडी घातलेलं एक पत्रक काढून त्यानं माझ्यापुढे ठेवलं. ‘स्टेम सेल से बहरापन जड़ से ठीक.’ घड्यांवर कागद फाटायला आला होता. "आप लिखती-पढ़ती हो बाईसाहब, बताओ, ये सच है क्या?" मुलगी चार वर्षांची. कानाची नस सुकली आहे असं कुणीतरी सांगितलेलं. इलाजासाठी दोन बिघे जमीन काढायची तयारी होती.

मला उत्तर देता आलं नाही. गुरुवारी गावात कानतपासणीचं शिबिर आहे, हेही त्यानंच सांगितलं. म्हणून मी गेले.

हातोद मागे पडलं की दोन्ही बाजूंना पिकत आलेला गहू, आणि मधूनमधून लसूण काढलेली वावरं. तो वास काचा बंद असल्या तरी गाडीत येतो. शाळेच्या ज्या खोलीत तपासणी होती तिथंही तो होताच, रांगेतल्या बापांच्या हातांना. खिडक्यांवर रजया टांगल्या होत्या, बाहेरच्या ट्रॅक्टरांचा आवाज कमी व्हावा म्हणून. कान तपासणारी मुलगी देवासच्या मराठी घरातली, तिशीची. "मला अहो-जाहो नका करू काकू," म्हणाली आणि खुर्ची पुढे सरकवली.

नाव लिहिणं, कानात दिवा धरून बघणं, मळ असेल तर परत पाठवणं, हे भराभर चाललं होतं. लसूणवाल्याच्या मुलीची पाळी आली तेव्हा मात्र तिनं घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. मुलीच्या कानांवर हेडफोन, हातात प्लॅस्टिकची लाल कडी, समोर दांडी. आवाज आला की कडी दांडीत घालायची. आधी मोठा आवाज, हात धरून, पाचसहा वेळा. मग हात सोडला. मुलगी कडी गालाशी धरून बसली. एवढी स्थिर बसलेली चार वर्षांची पोर मी पाहिलेली नाही. आवाज वाढत वाढत 90 डेसिबेलवर गेला, तेव्हा कडी दांडीत पडली. पुन्हा 90, पुन्हा कडी. त्याखाली काही नाही.

बापानं विचारलं, "मैडम, नस सूख गई ना? नई नस डलती है?"

"नस नहीं सूखी, भैया," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून मराठीत सांगू लागली. कानाच्या आत शंखासारखा कॉक्लिया असतो. त्यात केसपेशी, एका कानात सुमारे 15,000. पण मेंदूला ऐकू येण्याची बातमी देतात त्या मुख्यतः आतल्या रांगेतल्या. "त्या किती, माहितेय? साडेतीन हजार. बस्स." डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या वर आहेत. कानाला साडेतीन हजार, आणि त्या जन्मात एकदाच मिळतात. अशा बहुतेक मुलांत नस असते जागेवर, तिला बातमी देणाऱ्या पेशीच नसतात किंवा चालत नाहीत. म्हणून तर कॉक्लियर इम्प्लांट काम करतं, केसपेशींना वळसा घालून तारेनं थेट नसेला गाठतं.

मग नव्या केसपेशी का घालू नयेत? बापाचा प्रश्न चुकीचा नव्हता. कोंबडीच्या कानातल्या केसपेशी मेल्या तर नव्या उगवतात, हे 1980च्या दशकाच्या अखेरीस दिसलं आणि तेव्हापासून जगभर ही आशा जागी आहे. 2012 साली इंग्लंडमधल्या शेफील्डला मार्सेलो रिव्होल्टा यांच्या चमूनं मानवी भ्रूणाच्या मूळपेशींपासून (स्टेम सेलपासून) कानाच्या पूर्वपेशी वाढवल्या आणि मुद्दाम बहिरे केलेल्या जर्बिलांच्या, म्हणजे उंदरासारख्या छोट्या प्राण्यांच्या, कानात सोडल्या. ऐकणं सरासरी 46 टक्के सुधारलं. हे काम खरं आहे, मोठं आहे. पण तिथं पेशी थेट कानात सोडल्या होत्या आणि त्यांनी मुख्यतः नसेची जागा भरून काढली. देपालपूरच्या बापाला विकलं जात होतं ते हाताच्या शिरेतून द्यायचं इंजेक्शन. शिरेतून सोडलेल्या पेशी कॉक्लियात पोचून केसपेशी होतात, असं कुणी दाखवलेलं नाही.

आणि त्या पत्रकात एक गोष्ट कुठंच नव्हती. पेशी कुणाच्या? दुसऱ्याच्या असतील तर शरीर त्यांना परकं ठरवून मारतं. त्या टिकवायच्या तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं हवीत, मूत्रपिंड बदललेल्या माणसाला देतात तशी. "या पोरीला ती द्यायची?" तिनं आवाज खाली आणला. प्रतिकारशक्ती दबली की संसर्ग आलाच. त्यावर अॅमिकॅसिन, जेंटामायसिन द्यायची वेळ आली, तर ती औषधं केसपेशींनाच मारू शकतात. मेंदूज्वर झाला तर तोही कान नेतो. म्हणजे ऐकू यावं म्हणून धरलेल्या वाटेवर उरलंसुरलं ऐकणंही जायचं. बरं, पेशी स्वतःच्याच अस्थिमज्जेतल्या म्हणाल, तर औषधांची गरज नाही. पण बहिरेपण जन्मतःच्या जनुकदोषानं आलेलं असेल, तर तो दोष त्या पेशींतही आहे.

प्रतिकारशक्ती दाबून कान वाचतो असा आजार आहे, हेही तिनं सांगितलं. शरीर स्वतःच्याच अंतर्कर्णावर उलटतं आणि दोन्ही कान काही आठवड्यांत, महिन्यांत खाली जातात. ब्रायन मॅकेब यांनी 1979 साली त्याचं वर्णन केलं. त्यात स्टिरॉइडनं ऐकणं परत येऊ शकतं. एका रात्रीत एक कान बंद पडला तरीही पहिल्या दोन आठवड्यांत स्टिरॉइड मिळणं महत्त्वाचं. "आणि माणसं महिनाभर कानात तेल घालत बसतात, काकू." हे सांगताना ती पहिल्यांदा चिडली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 सालची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर मूळपेशी उपचार म्हणून देता येत नाहीत, फक्त मंजूर चाचणीत देता येतात, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पत्रकावर मात्र हप्त्यांची सोय छापली होती. मला त्या छापणाऱ्यांचा राग येतो, पैशांपेक्षा वर्षांसाठी. भाषा शिकायची मेंदूची ऐन वर्षं पहिली तीनचार. या मुलीची त्यातली बहुतेक संपली आहेत, आणि इंजेक्शनाचा गुण येईल म्हणून वाट बघण्यात आणखी दोन गेली तर पुढे इम्प्लांट बसवूनही बोलणं जड जाईल.

कान तपासणारीनं मशीनसाठी कानाचा साचा घ्यायला घेतला. कानात दोरा बांधलेला स्पंजाचा बोळा सरकवला, दोन रंगांची पुट्टी तळहातावर मळून एकरंगी केली, पिचकारीत भरली आणि हळूहळू कान भरत आणला. पाच मिनिटं थांबायचं. मुलगी तशीच स्थिर. मग साचा अलगद फिरवून बाहेर काढला: करंगळीच्या पेराएवढा, वळणावळणाचा, कानाच्या आतल्या वाटेचा उलटा आकार. इंदूरला जाऊन त्याचा मोल्ड होईल. मग दोन्ही कानांना मशीन, रोज शिकवणी, काही महिने. तेवढ्यानं भागलं नाही तर इम्प्लांटची तयारी.

"जमीन बेचनी पड़ेगी?" बापानं विचारलं.

"अभी कुछ मत बेचो. अगले गुरुवार इसको लेकर आओ."

दोन छोट्या डब्यांवर तिनं लाल पेनानं ‘उजवा’, निळ्या पेनानं ‘डावा’ लिहिलं. निघताना त्यानं माझ्याकडून पत्रक परत मागितलं. मी दिलं. त्याच जुन्या घड्यांवर ते दुमडून त्यानं वरच्या खिशात ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला तिनं लिहून दिलेली गुरुवारची चिठ्ठी. मुलीनं लाल कडी मुठीत धरून ठेवली होती, ती द्यायला तयार नव्हती. "राहू दे," तपासणारी म्हणाली, खोक्यातून दुसरी कडी काढली आणि पुढच्या मुलाला हाक मारली.