पूररेषेच्या आतली जमीन कोणाला किती मोलाची?

पाटबंधारे खात्याच्या नकाशावर नदीकाठी दोन रेषा असतात. निळी म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. पाणी कुठवर येईल हे त्यातून कळतं. पण त्या जमिनीवर कोणाचा जीव किती अडकलाय, ते कळत नाही.

कृष्णाकाठची मळीची जमीन घ्या. गाळ बसतो म्हणून वांगी तिथली नावाजलेली! नृसिंहवाडीला तर कृष्णेचं पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की लोक दक्षिणद्वार स्नानाला गर्दी करतात. तेच पाणी 2019 आणि 2021 साली सांगली-कोल्हापुरात घराघरांत घुसलं.

म्हणूनच मला लोकसहभागी नकाशे फार महत्त्वाचे वाटतात. गावनकाशा पसरायचा आणि गावकऱ्यांनाच रंगवायला सांगायचं: पीक, गोठा, स्मशान, देऊळ, गुरं हलवायची वाट. बायकांना आणि शेतमजुरांना वेगळं बसवा, कारण सातबाऱ्यावर ज्यांचं नाव नाही त्यांची जागा एरवी नकाशावर येतच नाही. मग त्यावर पूररेषा ठेवा. पुनर्वसनाची चर्चा या नकाशावरून सुरू व्हायला हवी.