न दिसणारे चार दगड

जालना जिल्ह्यातलं एखादं जुनं खरेदीखत उलगडा. गट नंबर आणि क्षेत्र झालं की चतुःसीमा येते: पूर्वेस अमक्याचा गट, दक्षिणेस नाला, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याची जमीन. शेताची ओळख शेजाऱ्यांवरून. नाल्यानं पात्र बदललं, गाडीवाट नांगराखाली गेली किंवा धुरा हातभर सरकला, की भांडण उभं राहतं. मग मोजणी मागवायची. भूकरमापक येतो, हद्दीचा दगड शोधतो आणि तिथून माप धरतो. एक दगड पक्का सापडला, की बाकीचे शोधता येतात.

आता असं एक शेत डोळ्यांपुढे आणा, ज्याला शेजारीच नाहीत. ते जमिनीच्या पोटात आहे, काळ्या पाषाणाच्या खाली, आणि कुणी कधी पाहिलेलं नाही. त्याची चतुःसीमा कशी लिहायची?

मराठवाड्यात विहीर खोदणाऱ्याला वरची उतरंड तोंडपाठ असते: काळी माती, मुरूम, मग पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला लाव्हा, बेसॉल्ट. त्याच्या तळाशी काय आहे, हे फार थोड्या ठिकाणी प्रत्यक्ष बघायला मिळालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं गेलं. त्यात ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, त्याखाली अवघा ८ मीटर गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन पायाचा खडक. पण छिद्र एकाच बिंदूची गोष्ट सांगतं. शंभर चौरस किलोमीटरची गोष्ट ऐकायची तर जमिनीला हाक मारावी लागते आणि प्रतिसादाला कान द्यावा लागतो. यालाच सिस्मिक सर्व्हे म्हणतात.

हाक मारायच्या दोन रीती आहेत. ट्रकखालची जड पाटी जमिनीला टेकवून काही सेकंद ती थरथरवायची, नाहीतर बोअरमध्ये छोटा सुरुंग उडवायचा. लाट खाली जाते, थराथरावर आपटून परत येते आणि ओळीनं रोवलेले जिओफोन तिची चाहूल टिपतात. वर पाचशे मीटर घट्ट बेसॉल्ट असेल आणि लाट सेकंदाला पाच किलोमीटर धावत असेल, तर त्याच्या तळाला शिवून परत यायला तिला सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो.

या प्रतिध्वनीत एक मोठी उणीव असते. तो वेळ सांगतो, जागा सांगत नाही. लाट नेमकी कुठल्या बिंदूखालून वळून आली, हे आपणच त्याच्या कपाळावर लिहायचं असतं. थर आडवा असेल, तर ती सुरुंग आणि जिओफोन यांच्या मधोमध वळलेली असते. म्हणून सगळ्या क्षेत्रावर, समजा २५ बाय २५ मीटरच्या, खणांची जाळी कल्पायची आणि ज्या खणात तो मध्यबिंदू पडेल त्या खणात तो आवाज जमा करायचा. एकाच खणात अनेक आवाज साठले, की वाऱ्याचा आणि रहदारीचा गोंगाट विरत जातो आणि खालच्या थराची हाक उठून येते. पत्ता चुकला, तर आवाज शेजारच्या खणात जातो आणि चित्र पुसट होतं. या सगळ्या पत्त्यांचा उगम जाळीच्या चार कोपऱ्यांत असतो.

चला, जालन्याभोवती अशी एक जाळी कागदावर टाकून पाहू. आधी पृथ्वीची गोलाई आडवी येते. अक्षांश-रेखांश गोल पृष्ठभागावरचे कोन असतात, त्यांत मीटर मोजता येत नाहीत. म्हणून पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० उभे पट्टे कल्पून प्रत्येक पट्टा सपाट कागदावर उतरवला आहे. मुंबईपासून अमरावतीपर्यंतचा महाराष्ट्र ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात येतो. त्याची मध्यरेषा ७५ अंश पूर्व रेखांशाची, अहिल्यानगर शहराच्या थोडी पूर्वेकडून जाणारी. वजा आकडे येऊ नयेत म्हणून या रेषेलाच ५०० किलोमीटर ही किंमत दिली आहे. या हिशेबात जालना शहर पूर्वेकडे सुमारे ५९३ किलोमीटर आणि विषुववृत्तापासून उत्तरेला सुमारे २,१९४ किलोमीटर.

शहराच्या नैऋत्येला ‘अ’ हा पहिला कोपरा घेऊ: पूर्व ५,९०,०००, उत्तर २१,९०,००० मीटर. एक बाजू १२ किलोमीटर, दुसरी ९. जाळी उत्तर-दक्षिण सरळ धरायला हवी असं नाही. खालच्या भेगा आणि उतार ज्या दिशेला असतील त्यांच्याशी ती जुळवून घ्यायची. आपण लांब बाजू उत्तरेपासून पूर्वेकडे ३० अंश कलती धरू. आता शाळेतली त्रिकोणमिती पुरते. १२ किलोमीटर चालल्यावर आपण पूर्वेला ६,००० आणि उत्तरेला १०,३९२.३ मीटर सरकतो. हा कोपरा ‘ब’: ५,९६,००० आणि २२,००,३९२.३. पुन्हा ‘अ’वर येऊन काटकोनात ९ किलोमीटर गेलो, तर पूर्वेला ७,७९४.२ आणि दक्षिणेला ४,५०० मीटर. हा ‘ड’: ५,९७,७९४.२ आणि २१,८५,५००. दोन्ही सरकणी एकत्र केल्या की समोरचा कोपरा ‘क’: ६,०३,७९४.२ आणि २१,९५,८९२.३.

हिशेब बरोबर आला का? घराचा पाया आखताना गवंडी दोरीनं दोन्ही कर्ण मोजतो. कर्ण सारखे भरले, की पाया गुण्यात. इथेही तेच. बाजू ९ आणि १२, म्हणजे कर्ण १५ किलोमीटर. ‘अ’पासून ‘क’ मोजा, ‘ब’पासून ‘ड’ मोजा, दोन्ही १५,००० मीटर भरतात. गवंड्याच्या दोरीतला तीन-चार-पाचचा त्रिकोण १०८ चौरस किलोमीटरवर तसाच उभा राहतो!

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. या जाळीत १,७२,८०० खण मावतात, पण त्यांचे पत्ते कुठे लिहून ठेवावे लागत नाहीत. लांब बाजूवर एक खण पुढे गेलं, की पूर्वेला १२.५ आणि उत्तरेला २१.६५ मीटर, आडवं एक खण गेलं, की पूर्वेला २१.६५ आणि दक्षिणेला १२.५. एक कोपरा, एक दिशा आणि दोन लांब्या ठाऊक असल्या, की कुठल्याही खणाचा पत्ता बेरजेनं निघतो.

मात्र कोपऱ्याचा अर्थ सगळ्यांनी एकच धरायला हवा. तारेच्या कुंपणात ४८० गाळे असले तर खांब ४८१ लागतात. तसाच इथला प्रश्न: दिलेला आकडा पहिल्या खणाच्या कडेचा, की त्याच्या मध्याचा? ही गल्लत झाली तर जाळी दोन्ही दिशांना साडेबारा मीटर सरकते. दुसरी गोष्ट उत्तरेची. मध्यरेषेपासून ९० किलोमीटर पूर्वेला असल्यामुळे जालन्यात जाळीची उत्तर आणि ध्रुवाकडची खरी उत्तर यांत सुमारे ०.३ अंशाचा फरक पडतो. डोळ्यांना तो दिसायचाही नाही, पण १२ किलोमीटरच्या टोकाला कोपरा साठेक मीटर बाजूला पडतो. शिवाय गोल पृथ्वी सपाट करताना जालन्यापाशी १२ किलोमीटरमागे साडेतीन मीटरच्या आसपास आकसतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीमुळे त्यात आणखी जवळजवळ एक मीटरची भर पडते.

पृथ्वीचा आकार नेमका कसा, हा प्रश्न सोडवणाऱ्यांची वाट या जिल्ह्याला जवळून शिवून गेली आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदन तालुक्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली ३३व्या पलटणीचा. त्याच पलटणीतल्या विल्यम लॅम्बटननं दक्षिण भारत त्रिकोणांनी मोजण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा वेलस्लीनं त्याला पाठबळ दिलं होतं. एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषेची मोजणी सुरू झाली आणि टेकडीवरून टेकडीवर त्रिकोण चढवत लॅम्बटन उत्तरेकडे सरकत राहिला. २० जानेवारी १८२३ रोजी वर्ध्याकडच्या हिंगणघाटला त्यानं देह ठेवला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं या मोजणीच्या आधारे १८३० साली पृथ्वीचा आकार ठरवला: विषुववृत्तापाशी त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर. आजचे उपग्रह ६३,७८,१३७ मीटर धरतात. साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन रानोमाळ फिरलेल्या माणसांनी सबंध पृथ्वी मोजली आणि आजच्या मापाशी फरक एक किलोमीटरचासुद्धा नाही!

तरीही तो फरक विसरून चालत नाही. जुन्या टोपोशीट एव्हरेस्टच्या पृथ्वीवर बेतलेल्या आहेत, आपला मोबाइल उपग्रहांच्या पृथ्वीवर चालतो. तेच अक्षांश-रेखांश घेऊन दोन्हीकडे शोधलं, तर आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त अंतर पडतं, म्हणजे चार खणांहून जास्त. म्हणून कोपऱ्याच्या आकड्यांसोबत ते कोणत्या पृथ्वीवरचे आहेत हेही लिहावं लागतं.

२०१६ साली केंद्र सरकारनं देशातल्या न तपासलेल्या गाळखोऱ्यांसाठी ४८,२४३ किलोमीटर सिस्मिक रेषांचा कार्यक्रम हाती घेतला. देशाच्या २६ गाळखोऱ्यांच्या यादीत दख्खनचा हा काळा प्रदेशही आहे. बेसॉल्ट बरीचशी लाट वरच्या वर परतवतो, विखुरतो. खालून येणारी हाक क्षीण असते. अशा ठिकाणी एकही आवाज चुकीच्या खणात टाकून चालत नाही.

आपल्या कागदावरचा ‘क’ कोपरा शहराच्या पूर्वेला दहा-अकरा किलोमीटरवर पडतो. तिथे मोसंबीची बाग असेल किंवा कापूस. उद्या असा सर्व्हे खरोखर झाला, तर काम संपल्यावर खुंट्या निघतील, तारा गुंडाळल्या जातील आणि पहिल्या पावसानंतर तिफण फिरेल. तिथे दगड नसेल, खूणही नसेल. तरी पन्नास वर्षांनी कुणी अधिक तीक्ष्ण कान घेऊन आलं, तर दोन आकडे आणि कोणत्या पृथ्वीवरचे हे सांगणारी एक ओळ त्याला त्याच वाफ्यात आणून उभं करील. नाल्यानं पात्र बदललेलं असेल, धुरे सरकलेले असतील. ही चतुःसीमा हललेली नसेल.