रुमाल टाकून जागा न मिळणारा प्रवास

बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. विमान गाठायचे तर बीडच्या माणसाला गेवराई, शहागड, पाचोड या मार्गाने साधारण सव्वाशे किलोमीटर जाऊन छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ गाठावा लागतो. परळी-अंबाजोगाईकडच्या लोकांना नांदेड किंवा हैदराबाद जवळचे वाटते, आणि ज्यांची मुले पुण्यात नोकरीला आहेत ती कुटुंबे लोहगावहून उड्डाण करतात. खुद्द बीड शहरात रेल्वेगाडी धावू लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला. त्यामुळे एसटीची सवय असलेल्या काही घरांनी रेल्वेच्या आधी विमान पाहिले असल्यास त्यात नवल नाही. हज-उमराहला निघालेले ज्येष्ठ, काशी किंवा वैष्णोदेवीच्या सहलीत नाव नोंदवलेली जोडपी, बंगळुरूला सुनेच्या बाळंतपणासाठी निघालेल्या सासूबाई असा हा नवा प्रवासीवर्ग आहे, आणि त्याच्याबद्दल शहरी प्रवाशांत एक छुपी तक्रार ऐकू येते की या लोकांना विमानात कसे वागावे ते कळत नाही. ही तक्रार अर्धवट आहे. एसटीने या प्रवाशाला वागण्याची एक पक्की शिस्त आधीच शिकवलेली असते. तिच्यातला काही भाग विमानात निरुपयोगी ठरतो आणि काही भाग तिथल्या सराईत प्रवाशांकडेही नसतो.

निरुपयोगी भाग आधी पाहू. बस फलाटाला लागण्यापूर्वीच खिडकीतून रुमाल, टोपी किंवा पिशवी आत टाकून जागा धरण्याची जी पद्धत बीडच्या स्थानकावर आजही दिसते, तिला बाहेरचा माणूस असभ्यपणा म्हणेल. प्रत्यक्षात तो एक सर्वमान्य संकेत आहे. टाकलेला रुमाल उचलून फेकणाऱ्याला साऱ्या बसचा रोष सहन करावा लागतो, आणि रुमालवाला आल्यावर बसलेला माणूस बहुधा मुकाट्याने उठतो. जागा कमी आणि माणसे जास्त असतील तेथे असे संकेत आपोआप तयार होतात. विमानात मात्र उभ्याने प्रवासच नसतो आणि प्रत्येकाचा आसनक्रमांक बोर्डिंग पासवर, म्हणजे विमानात चढण्याच्या परवान्यावर, छापलेला असतो. दाराशी आधी पोहोचलेल्याला आणि शेवटी चढलेल्याला तीच जागा मिळणार असते, म्हणून रेटारेटी करून कमवायचे काहीच उरत नाही. तरीही दार उघडण्याची घोषणा झाली की निम्मे प्रवासी उठून रांग लावतात, आणि त्यात बीडचे कमी व मुंबईचे अधिक असतात, हे नमूद केले पाहिजे.

रांगेतल्या या घाईमागे एकच खरे कारण आहे, ते म्हणजे डोक्यावरच्या कप्प्यातील जागा. देशांतर्गत स्वस्त प्रवासात सर्वसाधारणपणे सात किलोपर्यंतची एक बॅग हातात नेता येते. परंतु बॅगेबरोबर मिठाईचे खोके, लॅपटॉपची पिशवी आणि नातवासाठी घेतलेली खेळणी असा लवाजमा असला की तीन प्रवाशांसाठी असलेला कप्पा एकट्याच्या सामानाने भरतो. बॅग चाकांच्या बाजूने आत सरकवावी, लहान पिशवी समोरच्या आसनाखाली ठेवावी, आणि वाटेत हवे असलेले औषध, चष्मा किंवा जपमाळ आधीच काढून घ्यावी, एवढे केले तरी मागच्या वीस जणांचा खोळंबा टळतो. मधली वाट इतकी अरुंद असते की एक माणूस त्यात थांबला की संपूर्ण विमान थांबते.

सामानाचा प्रश्न खरे तर घरीच सुरू होतो. लेकीकडे निघालेल्या आईच्या पिशवीत सुके खोबरे, लोणचे आणि तूप असायचेच. पण सुके खोबरे विमान वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालाच्या यादीत येते, कारण त्यातील तेलामुळे ते विशिष्ट परिस्थितीत आपोआप तापून पेट घेऊ शकते. पॉवर बँकेचे उलट आहे: ती तपासणीला द्यायच्या बॅगेत ठेवायची नसते, जवळच बाळगायची असते, कारण तिने पेट घेतल्यास केबिनमध्ये ती विझवता येते, पोटातल्या सामानाच्या कक्षात ते सोपे नसते. हे नियम माहीत नसले की सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यावर बॅग उघडावी लागते, मागे रांग वाढते, आणि तपासणाऱ्या जवानाशी वाद घालून खोबरे काही परत मिळत नाही. तपासणीच्या वेळी बॉम्बचा विनोद करणे हा तर शिष्टाचाराचा विषयच राहत नाही. त्यावर गुन्हा दाखल होतो. निरोप द्यायला जीप भरून आलेल्या आप्तांना प्रवेशद्वाराच्या आत येता येत नाही, तेव्हा हारतुरे आणि पाया पडणे बाहेरच, आणि वेळेत आटोपावे लागते, कारण देशांतर्गत उड्डाणाचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होते आणि कंडक्टरला हात दाखवून गाडी थांबवण्याची सोय येथे नाही.

आसनावर बसल्यानंतरचे प्रश्न अधिक बारीक आहेत. भारतात सर्वाधिक दिसणाऱ्या एअरबस ३२० या विमानात मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने असतात, आणि एका आसनाची रुंदी जेमतेम दीड फूट असते. खिडकीजवळच्याला भिंत टेकायला मिळते, वाटेजवळच्याला पाय किंचित मोकळे करता येतात; मधल्याला काहीच मिळत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे हात टेकायचे दांडे त्याच्या वाट्याला सोडावेत, असा संकेत जगभर रूढ होत आला आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण न्याय्य आहे. आसनाची पाठ मागे कलती करण्याचा हक्क बटण देते खरे, तरी मागचा माणूस जेवत असताना किंवा त्याच्या मांडीवर मूल असताना ती झटक्यात मागे ढकलली तर चहा सांडतो. मागे एकदा वळून पाहणे आणि सावकाश कलणे पुरते.

जागा बदलून मागण्याची गोष्ट एसटीच्या सवयीतून येते. बसमध्ये कुटुंबाला एकत्र बसता यावे म्हणून अनोळखी माणूस सहज उठून दुसरीकडे जातो आणि त्याचे कुणी आभारही मानत नाही. विमानात काही प्रवाशांनी विशिष्ट जागेसाठी जादा पैसे मोजलेले असतात, म्हणून विनंती करायला हरकत नसली तरी नकाराचा राग धरू नये, आणि मोबदल्यात देऊ केलेली जागा निदान तितकीच चांगली असावी. लहान विमानात परस्पर जागा बदलणे आणखी एका कारणाने टाळतात: भाराची वाटणी उड्डाणापूर्वी मोजून ठरवलेली असते आणि पुढचे चार जण मागे गेले तर ते गणित बदलते.

एसटीने शिकवलेला आणि विमानात मौल्यवान ठरणारा भाग येथे सुरू होतो. शेजाऱ्याची चौकशी करणे, म्हातारीची पिशवी वर ठेवून देणे, दुसऱ्याचे रडणारे मूल क्षणभर घेणे, शिदोरी उघडली की आधी शेजाऱ्यापुढे धरणे या मराठवाड्याच्या रीती आहेत. त्यांना फक्त थोडी मुरड घालावी लागते. ‘पाव्हणं कुठलं?’ या प्रश्नाने ओळख होते. शेजाऱ्याने कानात इअरफोन घातला किंवा डोळे मिटले की गप्पा संपल्या असे समजावे, आणि पगार व लग्नाचा विषय त्याने काढल्याशिवाय काढू नये. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम प्रवासी अन्न असले तरी काहींना शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असते, म्हणजे त्याच्या अंशानेही त्यांचा श्वास कोंडू शकतो. कर्मचाऱ्यांनी तशी सूचना दिली तर डबा बंद ठेवणे हा त्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो. मोबाईलवरचे कीर्तन, रील किंवा क्रिकेट स्पीकरवर लावणे मात्र बसमध्येही गैरच आहे, ते विमानात चांगले होत नाही. तंबाखू-गुटख्याच्या पिचकारीसाठी विमानाला उघडणारी खिडकी नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मुलांच्या रडण्याबद्दल सहप्रवाशांनी थोडी माहिती ठेवली तर कपाळावरच्या आठ्या कमी होतील. उड्डाणानंतर केबिनमधील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही विरळ, ठेवला जातो. विमान उतरू लागले की तो पुन्हा वाढतो आणि कानाच्या आतला व बाहेरचा दाब जुळेपर्यंत दडे बसतात. मोठा माणूस आवंढा गिळतो, जांभई देतो. तान्ह्या बाळाला ते जमत नाही म्हणून ते रडते. उतरण्याच्या वेळी त्याला पाजणे हा साधा उपाय आहे. आईने अंगावर पाजायला घेतले की शेजाऱ्याने नजर वळवणे हेही मराठवाड्यात कुणाला शिकवावे लागत नाही.

विमानातील काही नियम शिष्टाचारासारखे दिसतात, परंतु ते सुरक्षेचे असतात, आणि कारण न सांगता केवळ सूचना दिली जात असल्याने लोकांना ते जाचक वाटतात. उड्डाण व उतरण्याच्या वेळी आसनाची पाठ सरळ आणि समोरचा ट्रे बंद ठेवायला सांगतात, तो ओळीतल्या माणसांना अडथळ्याविना बाहेर पडता यावे म्हणून. खिडकीची झडप उघडी ठेवायची ती बाहेर आग किंवा धूर असल्यास लगेच दिसावा आणि डोळ्यांना बाहेरच्या उजेडाची सवय असावी म्हणून. विमानाला प्रमाणपत्र देताना निम्मी दारे बंद आहेत असे धरून सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात हे सिद्ध करावे लागते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान धावपट्टीवरील दुसऱ्या विमानाला धडकून पेटले, तेव्हा आतील ३७९ जण जिवंत बाहेर आले. सामान मागे सोडून कर्मचाऱ्यांचे ऐकण्याची प्रवाशांची शिस्त हे त्याचे एक मोठे कारण मानले गेले.

मराठवाड्याला अपघाताची आठवण परक्या देशातून उसनी आणावी लागत नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टी सोडताना टोकाजवळच्या रस्त्यावरील कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या उच्चदाब तारांत अडकून कोसळले आणि ११८ पैकी ५५ जण दगावले. त्या अपघातात प्रवाशांचा काही दोष नव्हता. पण त्याच विमानतळावर आज हवाई सुंदरी पट्टा बांधण्याचे प्रात्यक्षिक करीत असताना फोनवर उसाच्या बिलाची चौकशी करणाऱ्याने, ६३ जण त्या आगीतून वाचले होते हे एकदा आठवावे.

कर्मचाऱ्यांशी वागण्याचा विषय निघाला की जिल्ह्याच्या शेजारचे एक प्रकरण टाळता येत नाही. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून दिल्लीला गेले; बिझनेस वर्गाचे तिकीट असूनही त्या विमानात तो वर्गच नसल्याने वाद झाला, आणि आपण एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारले हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितले. विमान कंपन्यांनी त्यांना प्रवास नाकारला. त्यांनी मंत्र्यांना पत्र लिहून खेद व्यक्त केल्यानंतर एप्रिलमध्ये बंदी उठली. तक्रारीला जागा होती, तिची तड लावण्याची रीत मात्र चुकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बेशिस्त प्रवाशांसाठी नियमावली जाहीर केली. तिच्यात शिवीगाळ, हावभाव अशा शाब्दिक गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत, ढकलाढकली, मारहाण किंवा अश्लील स्पर्शाला सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवाला धोका होईल अशा कृत्याला किमान दोन वर्षे उड्डाणबंदी ठरवण्यात आली. निर्णय कंपनीच्या मर्जीवर सोडलेला नाही. निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीने तो ३० दिवसांत द्यायचा असतो. पुढाऱ्याच्या ओळखीवर गाडीत जागा मिळवण्याची सवय असलेल्या भागात या नियमावलीची माहिती फार पोहोचलेली नाही, ही खेदाची बाब आहे.

हवाई सुंदरीला चुटकी वाजवून किंवा पदर ओढून बोलावू नये. डोक्यावरचे बटण दाबावे, आणि नावाचा बिल्ला वाचता आला नाही तर ‘ताई’ म्हणावे. तिचे पहिले काम सुरक्षेचे आहे, चहा-पाणी त्यानंतरचे. इंग्रजी-हिंदीतली सूचना कळली नाही तर पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. न कळता मान डोलावणे अधिक घातक, विशेषतः आपत्कालीन दाराजवळच्या ओळीत. तेथे बसणाऱ्याने प्रसंगी ते जड दार उघडायचे असते, म्हणून गुडघेदुखीच्या माणसाने पाय पसरायला जागा मिळते या मोहाने ती ओळ घेऊ नये.

उतरतानाचा गोंधळ सर्वांना परिचित आहे. चाके जमिनीला टेकली की पट्टे सुटल्याचा कडकडाट होतो, वरचे कप्पे उघडतात, आणि मान वाकडी करून लोक दहा-पंधरा मिनिटे उभे राहतात. विमान तेव्हा अजून धावत असते आणि अचानक ब्रेक लागल्यास वरची बॅग खालच्याच्या डोक्यात पडते. पुढची ओळ रिकामी झाल्यावर आपली उठवावी, चाकाच्या खुर्चीची मदत मागितलेल्या ज्येष्ठांनी शेवटी उतरायचे असते म्हणून त्यांच्या नातेवाइकांनीही बसून राहावे, आणि ज्याचे पुढचे विमान सुटायला आले आहे त्याला वाट द्यावी. सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी सगळ्यांनी दोन पावले मागे उभे राहिले तर प्रत्येकाला आपली बॅग येताना दिसते. चिकलठाण्याचा पट्टा लहान आहे आणि बीडच्या गाडीला अजून तीन तास लागायचे असतात, तरी एका कुटुंबातून एकानेच पुढे जावे.